साखर मोजली, हृदयाचं काय?

मधुमेह असलेलं ज्येष्ठ माणूस ज्या घरात आहे, त्या घरात बहुधा एक वही असते. नातवंडांच्या शाळेची उरलेली, दोनशे पानी. पट्टीने आखलेले तीन रकाने : तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. सुरुवातीच्या पानांवर आजोबांचं वळणदार अक्षर, मधल्या पानांवर सुनेचं, अलीकडे नातवाचं. १४२, २१०. १२८, १९६. आकडा दोनशेच्या वर गेला की त्याभोवती लाल गोल. मागच्या पुठ्ठ्याला लॅबच्या पावत्या टाचलेल्या. वर्षानुवर्षं, एकही आठवडा न चुकवता ही वही भरली जाते आणि दर खेपेला डॉक्टरांपुढे उघडली जाते.

या वहीत तीन गोष्टी सहसा सापडत नाहीत : रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीतून प्रथिनं जातात की नाही याची नोंद. सत्तरीतल्या मधुमेही माणसाला येत्या काही वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका किती, हे या तिन्हींवरूनच बरंचसं ठरतं. वयस्कर मधुमेही माणूस साखर वाढली म्हणून सहसा दगावत नाही. तो दगावतो हृदयविकाराने, अर्धांगवायूने, नाहीतर मूत्रपिंडं निकामी झाल्याने. घरातली सगळी काळजी मात्र साखरेच्या आकड्याभोवती फिरत राहते. ही काळजी खरी आहे, मनापासून केलेली आहे. म्हणूनच ती योग्य जागी लागावी असं फार वाटतं.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या 'इंडिआब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांना तपासून केलेली ही पाहणी. तिच्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. वीस वर्षांवरच्या दर शंभरांत अकराहून अधिक मधुमेही, तर पस्तीसहून अधिक उच्च रक्तदाबाचे. राज्यवार यादीत सर्वांत वर होता गोवा : २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. हेच लोक आता साठी-सत्तरीकडे निघाले आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा असेल आणि हृदयाच्या दृष्टीने माणसाच्या वयाइतकंच मधुमेहाचं हे वयही महत्त्वाचं असतं.

"आमच्या घरात कुणी जाड नाही, मग हा आजार आला कुठून?" असं अनेक घरांत विचारलं जातं. याचं एक उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबी धरलेली ही शरीरठेवण जन्मापासूनच असते, असं त्यातून पुढे आलं.

याच मुद्द्यावर २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण आलं. त्यात दोन डॉक्टरांचं छायाचित्र होतं : स्वतः याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसलं नाही ते यंत्राने दाखवलं. आपल्याकडे "काटक आहेत हो बाबा, काही होत नाही त्यांना" असं कौतुकाने म्हटलं जातं. त्या काटक बाबांचे हात-पाय बारीक असतील, पण पोट पुढे आलेलं असेल, तर मोजपट्टी कमरेला लावून पाहायला हवी. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठी मानलेली मर्यादा आहे.

मधुमेह आणि हृदय यांचं नातं वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८पासून ५,२०९ प्रौढांच्या हृदयाचा पाठपुरावा सुरू झाला. वीस वर्षांच्या नोंदींवरून १९७९मध्ये असं दिसलं की मधुमेह असलेल्यांना रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचा धोका दुप्पट ते तिप्पट असतो आणि त्याचा तडाखा बायकांना तुलनेने जास्त बसतो. पाळी असेपर्यंत हृदयविकारापासून स्त्रियांना जे थोडं संरक्षण असतं, ते मधुमेह मोडून काढतो. आपल्या घरांत याच्या उलट चालतं. आजोबांच्या छातीत कळ आली की गाडी निघते, आजीला दम लागला तर आधी लिंबू-सोडा दिला जातो.

पुढे १९९८मध्ये फिनलंडचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने जगभरच्या डॉक्टरांची झोप उडवली. मधुमेह आहे पण झटका कधीच आलेला नाही, अशा लोकांपैकी सात वर्षांत सुमारे २० टक्के लोकांना झटका आला. मधुमेह नाही पण एकदा झटका येऊन गेलाय, अशांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना पुन्हा आला. म्हणजे नुसता मधुमेह असणं हे झटका येऊन गेल्यासारखंच ठरलं. नंतरच्या अभ्यासांनी हे चित्र थोडं सौम्य केलं. मधुमेह नवा असेल, वय कमी असेल तर धोका इतका नसतो. जुना मधुमेह आणि साठीपुढचं वय असेल, तर मात्र हे गणित बरंचसं लागू पडतं.

कारणं शरीरात खोलवर असतात. रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर जास्त साखरेने खरवडलं जातं. कोलेस्टेरॉलचे कण आकाराने लहान आणि घट्ट होतात, भिंतीत सहज शिरतात. रक्त गोठण्याकडे झुकतं. मधुमेह्याच्या हृदयात अनेकदा अडथळा एकच नसतो. पुष्कळांत तिन्ही मुख्य वाहिन्या लांबवर अरुंद झालेल्या दिसतात. त्यात मूत्रपिंडांतून प्रथिनं झिरपू लागली असतील, तर सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांची तीच अवस्था आहे असं समजावं. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी एवढ्यासाठी महत्त्वाची. ती स्वस्त आहे, तरीही पुष्कळ ज्येष्ठांची कित्येक वर्षांत झालेली नसते.

आता ज्या गोष्टीमुळे अनेक जीव जातात, तिच्याबद्दल. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने नसा बधिर होतात. तळपायाला खिळा टोचलेला कळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तसंच हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसांचंही होतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मग झटका येतो, पण सिनेमात दाखवतात तसा छातीवर हात ठेवून माणूस कोसळत नाही. संध्याकाळी आजी पडवीत बसल्या बसल्या घामाने भिजतात. "आजी, छातीत दुखतंय का?" "नाही रे बाळा, पित्त झालंय. जरा पडते." जबडा जड वाटतो, मळमळतं, डावा खांदा ठणकतो, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. अचानक अशक्तपणा येतो, उगाच घाबरल्यासारखं होतं. घरातले ओवा देतात, गॅसची गोळी देतात, "सकाळी बघू" म्हणतात. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. बंद पडलेली वाहिनी उघडायची तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

मधुमेही ज्येष्ठाला कमरेच्या वरच्या भागात नवीन त्रास सुरू झाला, अकारण घाम फुटला किंवा अचानक दम लागला, तर ईसीजी निघेपर्यंत त्याला पित्त म्हणू नये. इतकं जरी घराघरांत रुजलं तरी अनेक माणसं वाचतील. पहिला ईसीजी ठीक आला तरी डॉक्टर थोड्या वेळाने दुसरा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणाऱ्या, रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी करतात. तो उशीर नाही, ती गरजेची खबरदारी आहे.

झटका न येताही हृदय हळूहळू थकू शकतं. चपलेचा पट्टा अचानक घट्ट होऊ लागतो, घोट्याशी बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. झोपताना एका उशीच्या दोन उशा होतात. पहाटे धाप लागून जाग येते आणि खिडकीशी जाऊन बसावं वाटतं. "वयोमानाने होतंच" असं म्हणून हे सगळं खपवलं जातं. हृदय निकामी होण्याची ही सुरुवात असते आणि मधुमेह्यांमध्ये ती फार आढळते. अशा माणसाला पायोग्लिटाझोन असलेली मधुमेहाची गोळी देऊ नये. तिच्यामुळे अंगात पाणी साठतं आणि हृदयावरचा ताण वाढतो. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या खूप लिहिल्या जातात आणि हे औषध त्यांत लपलेलं असू शकतं. गोळीच्या पाकिटावर घटक छापलेले असतात. ते वाचून डॉक्टरांना विचारायचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

मग साखर शक्य तितकी खाली आणली तर हृदय सुरक्षित राहील का? हा प्रश्न अमेरिकेने 'अकॉर्ड' नावाच्या मोठ्या चाचणीत विचारला. सरासरी ६२ वर्षं वयाचे, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले १०,२५१ मधुमेही. निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सहाच्या खाली आणायची. उरलेल्यांची सात ते आठच्या दरम्यान ठेवायची. फेब्रुवारी २००८मध्ये पहिल्या गटातलं हे कडक नियंत्रण मुदतीआधीच थांबवावं लागलं, कारण त्याच गटात मृत्यू जास्त होते : २५७, दुसऱ्या गटात २०३. साखर खाली गेली, पण माणसं जास्त मेली.

या निकालाने ज्येष्ठांच्या उपचारांची दिशा बदलली. आता अमेरिकन मधुमेह संघटनेसारख्या संस्था सांगतात की धडधाकट ज्येष्ठाची एचबीएवनसी सात ते साडेसातच्या खाली असावी. अनेक आजार असलेल्यांची आठच्या खाली असली तरी चालेल. आणि अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या झालेल्या माणसाच्या बाबतीत त्या आकड्याच्या मागे लागूच नये, साखर फार वर किंवा फार खाली जाणार नाही एवढंच पाहावं. पण आपल्याकडे ८२ वर्षांच्या आजोबांचा रिपोर्ट ६.१ आला की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. त्यांना दिवसा गरगरतं का, रात्री घाम येतो का, हे कुणी विचारत नाही.

साखर खाली जाण्याचा धोका आपल्या सणवारांत ठासून भरलेला आहे. आषाढी एकादशीचा दिवस घ्या. आईचा निर्जळी उपवास, पण "गोळी चुकवायची नाही" हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. सकाळी ग्लिमेपिराईड घेतली जाते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. दुपारी आई देवासमोर बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागते, हात थरथरतात, अंग थंडगार पडतं. कधी ती पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. साखर अशी झपाट्याने उतरते तेव्हा शरीरात ॲड्रेनलिन उसळतं, नाडी धावते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. आधीच अरुंद वाहिन्या असलेल्या हृदयाला हा धक्का परवडत नाही. आणि निर्जळीऐवजी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू असं झालं, तर उलट संध्याकाळी तीनशेचा आकडा येतो. उपवासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा गोळ्यांचा हिशेब लिहून घ्यावा. निर्जळी सोडावी. देवाला ते चालतं, हे सांगायला घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द लागतो.

ग्लिमेपिराईडचा भाऊ ग्लिबेनक्लामाईड हा तर ज्येष्ठांना न देण्याच्या औषधांच्या यादीत आहे. जुन्या चिठ्ठ्यांवर तो अजूनही दिसतो.

अकॉर्डनंतर कुणाला वाटेल की मग मधुमेह्याच्या हृदयासाठी काही करता येण्यासारखं नाहीच. खरं तर याच काळात सर्वांत आशादायक पुरावा समोर आला होता आणि तो आला डेन्मार्कहून. कोपनहेगनजवळच्या स्टेनो मधुमेह केंद्राने फक्त १६० रुग्ण घेतले, सगळ्यांच्या लघवीत प्रथिनं होती. निम्म्यांच्या बाबतीत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर एकाच वेळी काम केलं. आहार, चालणं, धूम्रपान सोडणं, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधं, सगळं एकत्र. सुमारे आठ वर्षांनी त्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार जवळपास निम्म्याने कमी झाले. एकवीस वर्षांनी पाहिलं तर तो गट सरासरी जवळजवळ आठ वर्षं जास्त जगला होता. एकशे साठ माणसांच्या या अभ्यासाइतकं मोठं फळ मला या विषयात दुसरं कुठलंही वाटत नाही. एकच आकडा पिळत बसण्यापेक्षा चार गोष्टी थोड्या थोड्या सुधारल्या, याचं ते फळ होतं.

या सगळ्यांत रक्तदाब आधी घ्यावा. ज्येष्ठांचा रक्तदाब बसून आणि मग उभं राहून, दोन्ही वेळा मोजावा. काहींचा उभं राहिल्यावर एकदम उतरतो आणि तेव्हाच ते पडतात. मीठ कमी करायचं म्हणजे भाजी आळणी करायची नाही. लोणचं, पापड, फरसाण, चटणी आणि ताकातलं मीठ यांतूनही बरंच मीठ जातं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीवर लोकांचा विशेष राग असतो. "रिपोर्ट नॉर्मल आला, मग आता कशाला?" असं म्हणून ती आधी बंद होते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हृदयविकार नसलेल्या २,८०० हून अधिक मधुमेह्यांपैकी निम्म्यांना अटॉर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिलं, तर त्यांच्यात हृदय आणि मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की २००४मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षं आधी थांबवावी लागली. पाय दुखू लागले तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा गोळी बदलून घ्यावी. मनाने बंद करू नये.

ॲस्पिरिनचं उलटं. रक्त पातळ व्हावं म्हणून अनेक ज्येष्ठ ती वर्षानुवर्षं घेत राहतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५,४८० मधुमेह्यांवरच्या चाचणीत हृदयविकार नसलेल्यांना तिचा थोडा फायदा झाला, पण मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण २९ टक्क्यांनी वाढलं. वय वाढेल तसा हा तोल आणखी बिघडतो. स्टेंट बसलाय, बायपास झालीय किंवा झटका येऊन गेलाय, त्यांनी ॲस्पिरिन कुणाच्या सांगण्यावरून सोडायची नाही. बाकीच्यांनी ती का घेतो आहोत हे एकदा विचारून घ्यावं.

मधुमेहाच्या गोळ्यांचाही एक चांगला अध्याय अलीकडच्या काळात लिहिला गेला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५मध्ये वेगळ्या केलेल्या एका द्रव्यापासून पुढे ग्लिफ्लोझिन ही औषधं घडली. ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला ती अपायकारक तर नाहीत ना, हे तपासायला ७,०२० हृदयविकारी मधुमेह्यांवर एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. २०१५मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होऊन दाखल होणं ३५ टक्क्यांनी घटलं होतं. भारतात या औषधाचं पेटंट मार्च २०२५मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, नाहीतर निवृत्तिवेतनच नसलेल्या शेतकऱ्याला याचा अर्थ कळतो. गोळी सरसकट सर्वांसाठी नाही. लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, पाणी कमी पडलं तर गरगरतं आणि उपवासात किंवा शस्त्रक्रियेआधी ती थांबवावी लागते. पण हृदय थकलेल्या, मूत्रपिंडं कमजोर होत चाललेल्या ज्येष्ठाच्या चिठ्ठीवर ती नसेल, तर का नाही हे विचारायला हवं.

अँजिओग्राफीनंतर नातेवाईकांना बाहेरच्या बाकावर बसून दहा मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो : अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट, की बायपास? झटका चालू असेल तर वाहिनी ताबडतोब उघडायचीच. तसं नसेल आणि तिन्ही वाहिन्यांत अडथळे असतील, तर मधुमेह्यासाठी उत्तर बरंच स्पष्ट आहे. 'फ्रीडम' या २०१२च्या चाचणीत पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा अर्धांगवायू यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण स्टेंट गटात २६.६ टक्के होते, बायपास गटात १८.७ टक्के. बायपासमध्ये अर्धांगवायू थोडा जास्त झाला, हेही खरं. फाईल घेऊन शल्यविशारदाचं मत घेण्याइतका वेळ अशा वेळी असतो. तो मागून घ्यावा.

खाण्याबद्दल दिवाळीत लिहायचं म्हणजे अवघड, पण लिहायलाच हवं. आजोबांच्या ताटातून अनारसा उचलून घेणं हा उपचार नाही. एक अनारसा जेवणासोबत, भात तेवढा कमी करून खाल्ला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते दिवसभर येता-जाता डब्यात हात गेल्याने, आणि महिनाभर पुरेल इतकी चकली तळलेल्या तेलातच पुन्हा तळल्याने. ज्येष्ठांच्या ताटात साखरेइतकीच काळजीची गोष्ट म्हणजे प्रथिनं फार कमी असतात. चहा-खारी, मऊ भात, आमटीचं पाणी यावर दिवस निघतो आणि दंड-मांड्यांचे स्नायू वितळतात. साखर खपवणारा सर्वांत मोठा अवयव स्नायूच आहे. मुगाचं धिरडं, उसळ, दही, अंडं, मासळी, जे घरात चालत असेल ते दोन्ही वेळेला ताटात पडावं. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या माराव्यात, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठून बसावं. तंबाखू आणि मिश्रीही यात येतात. दातांना मिश्री लावणाऱ्या आजीला कुणी तंबाखूचं व्यसन आहे असं म्हणत नाही, पण तिच्या रक्तवाहिन्या ते ओळखतात.

भाऊबीजेला घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या गोळ्यांचा डबा समोर घेऊन बसा. प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते लिहून काढा, शेवटचा रक्तदाब कधी मोजला ते विचारा, पायांचे तळवे स्वतः पाहा. डॉक्टरांना पुढच्या भेटीत इतकंच विचारा : यांच्या वयाला साखरेचं लक्ष्य किती असावं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन कधी तपासलं, ईसीजी केव्हा काढला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. रक्तदाब मोजायला पाच मिनिटं लागतात. या सुट्टीत तेवढं नक्की करून घ्या.